घराला इंजिन लावलेला अनसिंगकर

वाशीम जिल्ह्यातल्या एका तांड्यावरचा मुलगा इंग्लंडच्या कालव्यात सात फुटी बोटीवर राहतो. हौस म्हणून? पैसे वाचवायला? की रक्तातच आहे म्हणून? तीन दिवस त्याच्या तरंगत्या बिऱ्हाडावर राहून आणलेला हा रिपोर्ट...

तिशी जवळ आली की आपल्या सगळ्यांच्या गप्पांचा विषय एकच होतो. घर! कुणी वाकडला बुक केलंय, कुणी डोंबिवलीला. कुणाचा ईएमआय पगाराच्या निम्मा, तर कुणाचा घरमालक दर अकरा महिन्यांनी भाडं वाढवतो. कॅन्टीनमधला चहा संपतो, पण कार्पेट एरिया काही संपत नाही. अशा वेळी कुणी म्हणालं, ‘आपण तर बुवा घराला इंजिनच लावून घेतलंय,’ तर?

माझा एक शाळासोबती हे अगदी सिरियसली म्हणतो. आम्ही दोघं अनसिंगचे. वाशीमहून पुसदच्या रस्त्याला लागलात की लागणारं, कापूस-सोयाबीनच्या रानातलं आमचं गाव. मी गावातला, तो जवळच्या बंजारा तांड्यावरचा. मी मास कॉम करून पुण्यात फ्रीलान्सिंगला लागले. तो इंजिनिअर झाला, आधी हिंजवडी आणि मग इंग्लंडमधलं मिल्टन कीन्स. तिथे फ्लॅटचं भाडं भरून वैतागला आणि त्याने चक्क बोट घेतली. नाव छापायचं नाही, या अटीवर त्याने मला तीन दिवस बोटीवर ठेवून घेतलं. म्हणून इथे तो फक्त ‘दोस्त’.

पेन्सिलबॉक्स!

या बोटीला तिकडे नॅरोबोट म्हणतात. केरळची हाउसबोट डोळ्यांसमोर आणू नका. त्यापुढे ही म्हणजे लांबलचक पेन्सिलबॉक्स. रुंदी जेमतेम ६ फूट १० इंच आणि दोस्ताच्या बोटीची लांबी ५७ फूट. एसटीचा लाल डबा आणखी अरुंद केला आणि मागे दीडपट लांबवला, की झाली नॅरोबोट.

एवढी अरुंद का? कारण अठराव्या शतकात इंग्लंडच्या मधल्या भागात कालवे खणले तेव्हा त्यातली लॉक सुमारे सात फूट रुंद बांधली. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. बोट एका हौदात घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, हौदात पाणी सोडायचं, बोट वर उचलली जाते आणि पुढचा दरवाजा उघडायचा. पंप नाही, वीज नाही, नुसतं वरचं पाणी खाली सोडायचं. लॉक सात फुटांचं म्हणून बोट त्याहून दोन बोटं कमी. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या मापात आजही लोक डबल बेड बसवायची धडपड करतात.

१७६१ मध्ये मँचेस्टरजवळचा ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि कोळसा पाण्यावरून शहरात यायला लागला. काठावरच्या पायवाटेने एक घोडा दोर ओढत चालायचा आणि मागे पंचवीस-तीस टनांची बोट सरकायची. रस्त्यावर तेवढ्या मालाला घोड्यांचा तबेलाच लागला असता. मग रेल्वे आली, पुढे ट्रक आले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले आणि उरलासुरला मालवाहू धंदाही मोडला. पण बोटी काही मेल्या नाहीत. मालाच्या जागी पलंग आला, शेगडी आली, लोक राहायला लागले. आज इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे ३,२०० किलोमीटर जलमार्ग कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था २०१२ पासून सांभाळते. औद्योगिक क्रांतीच्या काळात होत्या त्यापेक्षा जास्त बोटी आता या पाण्यावर आहेत!

टीनचा डबा ते टू-रूम किचन

दोस्ताने घेतली ती तीसेक वर्षं जुनी, आतून कुजलेली बोट. विकत घेण्याआधी सर्व्हे केला. बोट पाण्याबाहेर काढून, यंत्राने पत्र्याची जाडी ठिकठिकाणी मोजून. नॅरोबोटीचा साधारण फंडा असतो १०-६-४. तळाचा पत्रा १० मिलिमीटर, बाजू ६ आणि केबिनचा पत्रा ४ मिलिमीटर. गंजाने यातलं किती खाल्लं, त्यावर सगळी किंमत. ‘माल चांगला, मेकअप खराब’ असा रिपोर्ट आला आणि स्वारीने होकार दिला.

मग चौदा महिने सगळे वीकेण्ड यार्डात. आतलं सगळं तोडून बाहेर. फळीखाली वजन म्हणून फरशीचे तुकडे आणि विटा, कारण रिकामी बोट पाण्यात बुचासारखी उंच उठते आणि डुलते. पत्र्याला आतून फोम फवारला. तो नसेल तर थंडीत माणसाच्या श्वासाचंच पाणी होऊन भिंतींवरून ओघळतं. त्यावर लाकडी पट्ट्या, त्यावर प्लाय. मग वायरिंग. बहुतेक सगळं १२ व्होल्टवर, म्हणजे गाडीसारखं. छतावर सोलर पॅनेल, खाली बॅटऱ्या आणि ऊन नसेल त्या दिवशी इंजिन चालवून चार्जिंग. तेही रात्री ८ ते सकाळी ८ बंद, शेजाऱ्यांची झोप महत्त्वाची!

गॅसचं तर वेगळंच शास्त्र. सिलिंडर बोटीच्या पुढच्या टोकाला, स्वतंत्र कप्प्यात. त्या कप्प्याला पाण्याच्या वर भोक असतं. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचणार. घरात तो दाराखालून तरी निघून जातो, पण बोटीचा तळ म्हणजे बंद परात. एक ठिणगी आणि खेळ खल्लास. शिवाय लाकूड-कोळशाची शेगडी, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. २०१९ पासून तो राहत्या बोटींना सक्तीचा आहे. दर चार वर्षांनी सेफ्टी सर्टिफिकेट, वरून विमा आणि लायसन्स. दर दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून बुडाला डांबरी रंग फासायचा. बुडाला मॅग्नेशियमचे ठोकळेही लावलेले असतात. पाण्यातला गंज आधी त्यांना खातो आणि पत्रा वाचतो.

पण खरी डोकेदुखी तोलाची. ओटा, फ्रिज, पाण्याचं पिंप सगळं डाव्या हाताला बसवलं तर बोट डावीकडे कलते. मग ऑम्लेट तव्याच्या एका कडेला जमा! दोस्ताने प्रत्येक वस्तू वजन करून लावली. पुस्तकांचं कपाट ओट्याच्या समोर आणि उरलेला फरक विटांनी भरून काढला.

‘अबे, हे मले कोणी शिकवलं नाही,’ तो म्हणाला. ‘आमच्या आज्याच्या गोष्टीत होतं. बैलाच्या पाठीवर गोणी टाकायची तर दोन्हीकडं सारखी. नाही तर बैलाची पाठ सोलते.’

लदेणी

बोटीच्या बाजूला नाव रंगवायची तिकडे पद्धत आहे. दोस्ताच्या बोटीवर देवनागरीत लिहिलंय, ‘लदेणी’. काठावरून कुत्रा फिरवणारे गोरे आजी-आजोबा रोज विचारतात, याचा अर्थ काय? आणि हा रोज न कंटाळता सांगतो.

लदेणी म्हणजे बैलांवर माल लादून देशभर चालणारा बंजारांचा व्यापार. धान्य, मीठ पाठीवर घेऊन हजारो बैल निघायचे. सतराव्या शतकात आलेला फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहून ठेवलंय. बायका-पोरं सगळी सोबत, घर असं नाहीच. मुघल असोत, मराठे असोत की इंग्रज, लढाईवर निघालेल्या फौजेचं पोट या बैलांवर चालायचं. तांडा म्हणजे हा चालता काफिला. आज आपण वस्तीला तांडा म्हणतो. चालणारा शब्द एका जागी बसला, तो लोक बसले म्हणून. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. वऱ्हाडात रूळ आले, रस्ते झाले आणि बैलाच्या पाठीवरचा माल संपला.

म्हणजे बघा, इंग्लंडातला बोटवाला आणि वऱ्हाडातला बंजारा यांची गोष्ट किती सारखी! दोघंही माल वाहणारे, दोघांचं बिऱ्हाड मालासोबत आणि दोघांच्या पोटावर रेल्वेची चाकं. आणखी एक मजा. दोघांनाही आपलं फिरतं घर सजवायचा भारी सोस. बोटवाले केबिनच्या दारावर आणि पाण्याच्या डब्यावर गुलाब आणि किल्ले रंगवायचे, तर बंजारा बायका पिशव्या-चोळ्यांवर आरसे आणि कवड्या टाकून भरतकाम करायच्या. दोस्ताच्या बोटीत दोन्ही आहे. दारावर गुलाब, खिडकीला आईने भरलेला पडदा.

तिसरं साम्य मात्र मजेचं नाही. एका जागी न राहणाऱ्या माणसाचा सरकारला कायम संशय येतो. १८७१ मध्ये इंग्रजांनी इथे गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. पुढे बंजारांचे काही गटही त्यात आले. अख्ख्या जमातीवर जन्मतःच शिक्का! तो पुसला गेला थेट ऑगस्ट १९५२ मध्ये. म्हणून ‘विमुक्त’. तिकडे १८७७ मध्ये कालव्यावरच्या बोटींचा कायदा झाला. कुठल्या केबिनमध्ये किती माणसं झोपायची, ते नोंदवायला लागलं. दोन कायद्यांची जात एक नव्हे. तिकडच्याने माणसाला गुन्हेगार ठरवलं नाही, पोरांच्या आरोग्याची आणि शाळेची काळजी त्यात होती. पण आठवण दोन्हीकडे राहिली.

चार मैलांची चैन

आम्ही निघालो ऑक्टोबरात, स्टोक ब्रुअर्नहून. ग्रँड युनियन कालव्याच्या काठावरचं हे गाव. कॅनल म्युझियम, पब आणि लॉकवर बसून आइस्क्रीम खाणारी माणसं. गाव सोडलं की लगेच ब्लिझवर्थचा बोगदा. १८०५ मध्ये सुरू झालेला, जवळजवळ २.८ किलोमीटर लांब. आत काळामिट्ट अंधार आणि छतातून टपटपणारं पाणी. समोरून बोट आली तर अंगाला अंग घासून निघायचं. बोगद्यात पायवाट नाही. मग घोड्याचं काय? घोडा डोंगरावरून चालत पलीकडे जायचा. आत माणसं फळीवर आडवी पडून दोन्ही भिंतींवर पाय रोवत ‘चालायची’ आणि बोट पुढे सरकायची. पाऊण तासाने उजेड दिसला तेव्हा मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

बोगद्यानंतर कित्येक मैल लॉक नाही. वेगमर्यादा ताशी चार मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटर. उभ्या बोटींजवळून जाताना त्याहूनही कमी, नाहीतर त्यांची कपबशी फुटते. काठावर जॉगिंग करणारे आपल्याला मागे टाकून, वर हात हलवून पुढे जातात. ब्रेक नाही. थांबायचं तर इंजिन उलटं फिरवायचं. आणि सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट वळते उजवीकडे. पहिल्या तासात मी दोन झाडांना भेटून आले.

तिसऱ्या दिवशी बक्बीची सात लॉक, मग ब्राउन्स्टनचा बोगदा आणि सहा लॉक उतरून ब्राउन्स्टन गाव. लॉकचे दरवाजे पाठ लावून, पाय रेटून ढकलायचे. जिमची मेंबरशिप वाया! टेकडीवर उंच मनोऱ्याचं चर्च आहे. जन्मभर फिरलेले कितीतरी बोटवाले शेवटी इथल्या मातीत विसावलेत. आमच्याकडे पोहरादेवीला सेवालाल महाराजांची समाधी आहे. मानोरा तालुक्यात, बंजारांची काशी. फिरणाऱ्या माणसालाही परत यायला एक जागा लागतेच.

पत्ता काय देऊ?

आता गुलाबी चष्मा काढू. घरी राहण्याचं लायसन्स दोन प्रकारचं. एक, कायमची जागा भाड्याने घ्यायची. दोन, जागा नाही, सतत फिरत राहायचं. दोस्त दुसऱ्या प्रकारातला. १९९५ च्या कायद्याप्रमाणे त्याला एका ठिकाणी साधारण १४ दिवसच थांबता येतं. पाऊस असो, ताप असो, ऑफिसची डेडलाइन असो, बिऱ्हाड हलवायचं. एप्रिल २०२४ पासून अशा फिरत्या बोटींना लायसन्सवर जादा आकारही बसला आहे.

पाण्यावर राहतो, पण पाणी मोजून वापरतो. पुढच्या टोकाला टाकी, ती भरायला नळाच्या काठापर्यंत बोट न्यायची. ‘अनसिंगच्या मे महिन्यात वाढलेल्या माणसाले काय सांगता?’ तो हसतो. एका तांब्यात दात, दोन तांब्यांत तोंड. संडासची पेटी मात्र स्वतः उचलून ठराविक जागी रिकामी करायची. हे फोटोत दिसत नाही! जानेवारीत पहाटे शेगडी विझली की नाकाचा शेंडा बधिर. लॉकच्या दुरुस्तीची कामं हिवाळ्यात निघतात, मग रस्ताच बंद. बोटीला सहज गृहकर्ज मिळत नाही. आणि जमिनीसारखा भाव वाढत नाही, पत्रा दरवर्षी जुनाच होतो.

आणि एकटेपणा? बोटवाल्यांची आपसात चांगली गट्टी असते. दोर पकडायला अनोळखी माणूस धावतो, कोळशाची बोट येते तिचा मालक खबरबात सांगतो. पण ओळख झाली की १४ दिवस भरतात. बँकेचा फॉर्म आला की ‘कायमचा पत्ता’ या रकान्यापाशी त्याचा पेन अडतो. टपाल एका मित्राच्या घरी येतं.

काकूंचं म्हणणं

परत आल्यावर दिवाळीला अनसिंगला गेले, तेव्हा तांड्यावर त्याच्या आईला भेटले. त्याने आईवडिलांना स्लॅबचं घर बांधून दिलंय. दोन खोल्या, ओटा, वर टाकी. गोरमाटीत आईला ‘याडी’ म्हणतात. तो फोनवर याडी म्हणतो, मी काकू. मी मोबाइलवर बोटीचे फोटो दाखवले. त्यांनी सगळे नीट पाहिले. शेगडी कुठे, झोपतो कुठे, पडदा लावलाय का.

मग म्हणाल्या, ‘आमी जल्मभर मेलो ते एका जागी राह्यला भेटावं म्हणून. आन् हा घराले इंजिन लावून बसला!’

त्यांच्या बोलण्यातला राग समजायला पंधरा वर्षं मागे जावं लागतं. दसरा-दिवाळी झाली की तांड्यावर ट्रक यायचा. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी भांडी, गोधड्या, शेळी-कोंबडीसकट साखर कारखान्याकडे निघायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने फडाच्या कडेला पाचटाची कोप, पहाटे तीनला ऊस तोडायला सुरुवात. दोस्त आश्रमशाळेत राहिला म्हणून शिकला. त्याची मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला फडावर गेली आणि तिची शाळा चौथीला सुटली. आजही तांड्यांवरून असे ट्रक निघतात. सात फुटांच्या केबिनमध्ये वाढलेल्या इंग्रज बोटवाल्यांच्या पोरांचीही हीच गत होती. बोट हलली की शाळा सुटली.

हे मी दोस्ताला फोनवर विचारलं. आईला काय वाटतं ते माहीत आहे का? तो बराच वेळ काही बोलला नाही.

‘माहीत आहे,’ तो म्हणाला. ‘याडीले मुकादम हलवत होता. मले कोणी हलवत नाही, चौदा दिवसांचा नियम सोडला तर. माह्या खिशात परतीचं तिकीट आहे, गावात स्लॅब आहे. तिच्याजवळ काय होतं?’

फिरणं सगळ्यांचं सारखं दिसतं, पण ज्याला थांबायची सोय आहे त्याचंच फिरणं लाइफस्टाइल होतं. बाकीच्यांचं नुसतं स्थलांतर. इन्स्टावर छोट्या घरांचे, व्हॅनचे, बोटींचे फोटो लाइक करताना हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

काकू पुढच्या उन्हाळ्यात बोटीवर जाणार आहेत. पासपोर्टचा फॉर्म भरून झालाय. त्यात ‘कायमचा पत्ता’ लिहिताना त्यांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावला. आणि बोटीवर किती दिवस राहणार, यावर त्यांचं उत्तर तयार आहे. ‘चौदा. मंग त्याचं घर जाईल तिकडं जाईल. मी माह्या घरी येईन.’

तुम्हालाही जायचंय?

• विकत घ्यायच्या आधी भाड्याने घ्या. इंग्लंडमध्ये सुट्टीसाठी नॅरोबोट आठवड्याच्या किंवा वीकेण्डच्या हिशेबाने मिळते. चालवायला वेगळं लायसन्स लागत नाही, निघण्याआधी कंपनीच शिकवते.

• सीझन वसंत ते ऑक्टोबर. हिवाळ्याचं धाडस दुसऱ्या खेपेला.

• पहिल्यांदाच जात असाल तर कमी लॉक असलेला मार्ग निवडा. थरार हवा तर डिव्हायझेसची केन हिल बघा, ओळीने २९ लॉक! किंवा वेल्समधला पोंटकसिल्टे पूल. १८०५ पासून बोटी दरीवरून, सुमारे १२६ फूट उंचीवरून जातात.

• हार्ड सूटकेस नको, घडी होणारी सॅक न्या. बोटीत रिकामी सूटकेस ठेवायला जागा नसते.

• व्हिसाचं बजेट नाही? वाशीमला या. पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत म्युझियमचं उद्घाटन झालंय. रामनवमीला मोठी यात्रा भरते. आणि जाताना वाटेत अनसिंगला चहा घ्या. गाव कुठे जात नाही, जागेवरच आहे!